मत्स्यगंधेचे हात

करावे गावातल्या कोळ्यांच्या घरात कामाची वाटणी जुनी आहे. पुरुषानं जाळं घेऊन खाडीत जायचं आणि बाईनं पाटी घेऊन बाजारात बसायचं. गोटीराम आणि वेणूबाईच्या घरात ती मोडली. गोटीरामबरोबर त्याचा धाकटा भाऊ होडीवर असायचा. त्याला उरणच्या बंदरात नोकरी लागली आणि वल्ही मारायला माणूस उरला नाही.

"मी येते," वेणूबाई म्हणाली.

तिचं माहेर दिवाळे गावचं. बापाच्या होडीत बसून ती लहानपणी खाडीभर फिरली होती, वल्ही तिच्या हाताला नवी नव्हती. गोटीराम थोडे दिवस नाही नाही म्हणाला. मग एका सकाळी त्यानं काही न बोलता होडीतली मधली फळी फडक्यानं पुसली आणि तिच्याकडे बघितलं. ती बसली. त्यानंतर त्यांचा सगळा संसार त्या होडीत झाला म्हटलं तरी चालेल.

वल्ही मारणारा माणूस होडीच्या तोंडाकडे पाठ करून बसतो. जायचं तिकडे त्याची पाठ असते. त्याचं तोंड असतं मागच्या बाजूला, आणि तिथं जाळं सांभाळत गोटीराम बसलेला असायचा. नवराबायको आयुष्यात इतका वेळ समोरासमोर कुठं बसतात? होडी डावीकडे घ्यायची की उजवीकडे हे गोटीराम तोंडानं सांगत नसे, नुसती मान हलवत असे. वेणूबाईला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, जाळ्यात बोय मासे आहेत की नुसतं प्लास्टिक आलंय.

पुढं पुढं प्लास्टिकच जास्त यायला लागलं. काठावर इमारती उभ्या राहिल्या, खाजण बुजलं, पाण्याला वास यायला लागला. गावातल्या बऱ्याच जणांनी होड्या काढून टाकल्या. मुलगा दिपेश कंपनीच्या बसवर ड्रायव्हर झाला, तळवलीच्या सुनयनाशी त्याचं लग्न झालं, नात झाली. तरी हे दोघं खाडीत जातच राहिले. दिपेश चिडायचा. "आता कशाला जाता? काय मिळतं?" गोटीराम हसून म्हणायचा, "चिंबोऱ्या मिलतात. घरात बसून त्या नाय मिलत."

ज्या दिवशी गोटीराम गेला, त्या दिवशी ते दोघं बरेच लांब, खाडीच्या तोंडाकडे गेले होते. दुपार झाली होती, ओहोटी लागली होती. गोटीराम जाळं ओढता ओढता थांबला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "वेनू, जरा घराकरं घे." एवढंच. मग तो जाळ्यावरच आडवा झाला. त्याच्या तोंडावर घाम आला होता आणि रंग उतरला होता.

मोबाईल बरोबर नव्हता. एक आधीच पाण्यात पडला होता, तेव्हापासून गोटीराम फोन घरीच ठेवायचा. आजूबाजूला दुसरी होडी नव्हती. लांबवर पुलावरून गाड्या जाताना दिसत होत्या, पण त्यांना हाक कुठली ऐकू जाणार! वेणूबाईनं होडी फिरवली आणि वल्ही मारायला लागली. पाणी समुद्राकडे चाललं होतं आणि तिला उलट, गावाकडे यायचं होतं. होडी एक वल्हंभर पुढं आली की पाणी तिला निम्मं मागं ढकलायचं. समोर पायांशी गोटीराम पडला होता. त्याचे डोळे उघडे होते, तो तिच्याकडेच बघत होता. ती त्याच्याशी बोलत राहिली. आलं बघ, आता तिवरं दिसायला लागली, आता वळण, आता पोचलोच.

गावच्या बंदराजवळ पाणी इतकं उतरलं होतं की होडी चिखलात रुतली. ती खाली उतरली. कमरेपर्यंत गाळात उभं राहून होडी ढकलायला लागली आणि ओरडायला लागली. काठावरची माणसं धावली, गोटीरामला फळीवर घालून वर काढलं, रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तपासलं आणि मान हलवली. निघताना, बहुतेक काहीतरी बोलायचं म्हणून, तो दिपेशला म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

दिपेश ड्युटीवरून तसाच धावत आला होता, गणवेशातच होता. वेणूबाई दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. लुगडं गाळानं भरलं होतं, दोन्ही तळहात सोलवटले होते. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, जरा जोरात वल्ही नाय मारता आली तुना?"

तिनं वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

दिपेश काही वाईट मुलगा नव्हता. शब्द तोंडातून गेले त्याच क्षणी त्याला कळलं असावं. पण त्यानं ते परत घेतले नाहीत आणि तिनंही त्यावर काही म्हटलं नाही. दिवसकार्य झालं. घरातलं बोलणं चालू राहिलं, पण मायलेकांत ते जेवण आणि औषधं यापलीकडे जाईना. तो कामावरून आला की ती उठून पाणी द्यायची आणि आत जायची. ती परत खाडीत गेली नाही. होडी तिवरांत ओढून ठेवली होती, ती तिथंच कुजली. वेणूबाई आता दुसऱ्यांनी आणलेले मासे घेऊन गावाच्या नाक्यावर पाटी लावायला लागली. सेक्टरमधल्या बायका यायच्या, भाव करायच्या. मासे ताजे आहेत का, असं कुणी विचारलं की ती "हाय" म्हणायची आणि तोंड फिरवायची.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. सुनयना महापेच्या एका इमारतीत रिसेप्शनवर बसायची. तिथं वरच्या मजल्यावर ॲनिमेशनची कंपनी होती. लहान मुलांसाठी सिनेमा चालला होता, मत्स्यगंधेचा. महाभारतातली सत्यवती, कोळ्याघरी वाढलेली, अंगाला माशाचा वास येणारी, यमुनेवर होडी चालवणारी पोर. पुढं ती हस्तिनापूरची राणी झाली. पण सिनेमा तिच्या लहानपणाचा होता. त्या कंपनीतला अभय नावाचा तरुण एकदा खाली चहाला आला असताना सुनयनाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही करावेच्या ना? तुमच्याकडे कोणी होडी चालवणारी लेडीज आहे का? आम्हाला तिची हालचाल रेकॉर्ड करायची आहे. ती हालचाल आम्ही त्या मुलीला देणार."

"माझी सासूच चालवायची," सुनयना पटकन बोलून गेली.

घरी आल्यावर तिला वाटलं, उगाच बोलले. पण सासू दिवसेंदिवस गप्प होत चालली होती, जेवणही कमी झालं होतं. थोडी बाहेर पडेल, चार माणसं बघेल, असं तिच्या मनात आलं. तिनं भीत भीत विषय काढला.

"सोबत मी येते. खरं पानी पन नाय तिथं. खोलीत बसून नुसते हात हलवायचे."

"पान्याबिगर वल्ही?" वेणूबाई म्हणाली. "कनाला पायजे त्यांना?"

"सिनेमात देवाधर्माची गोष्ट हाय, आई. कोळ्याची पोर."

वेणूबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुनयनानं ते हो धरलं.

ती खोली मोठी होती, भिंती काळ्या, वर चारी बाजूंनी कॅमेरे. मधोमध लाकडी खोकं ठेवलं होतं, त्याला दोन्ही बाजूंना वल्ही अडकवली होती. अंगाला चिकटणारा काळा पोशाख घालायचा होता, त्यावर जागोजागी पांढरे गोळे. वेणूबाई तो हातात धरून बराच वेळ उभी राहिली. उभ्या जन्मात तिनं लुगड्याशिवाय दुसरं काही नेसलं नव्हतं. अभयला ते समजलं. त्यानं खोलीतली माणसं बाहेर घालवली, स्वतः काचेपलीकडे जाऊन बसला आणि तिथून माइकवर बोलायला लागला. सुनयनानं तिला आत नेऊन पोशाख चढवून दिला.

आधी सोपं काम होतं. सावकाश वल्ही मारा. थांबा. वाकून पाण्याला हात लावा. वळून बघा. वेणूबाई सांगितलं ते करत गेली. वल्ही हलकी होती, हवेतच फिरत होती, तिला जरा हसूही आलं. सुनयनाला बरं वाटलं.

मग अभय म्हणाला, "आता शेवटचा सीन. मावशी, नदीला पूर आलाय. त्या मुलीचा बाप पलीकडे अडकलाय, त्याला साप चावलाय. तिला लवकर पोचायचंय. पाणी उलटं आहे. त्यामुळे जोर लावून मारायची. मी कट म्हणेपर्यंत थांबू नका."

 सुनयना उठली, काचेकडे गेली, अभयला काहीतरी सांगणार होती. पण तोवर वेणूबाईनं सुरुवात केली होती.

पहिली काही वल्ही तिनं नुसतीच मारली. मग तिची नजर समोर खाली, खोक्याच्या पुढच्या रिकाम्या जमिनीवर गेली आणि तिथंच अडकली. पाठ वाकली, खांदे वर आले, पाय खोक्याला टेकून ती अंगाचा सगळा भार मागं टाकायला लागली. वल्ह्यांच्या खिळी करकरायला लागल्या. मध्येच तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मान वळवून ती काठ किती लांब आहे ते बघायची आणि परत खाली, त्याच जागी बघायची.

"कट," अभय म्हणाला. "मावशी, कट. मस्त झालं."

ती थांबली नाही.

"मावशी, झालं. थांबा."

सुनयना धावत गेली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले. वेणूबाईनं तिच्याकडे बघितलं, पण ती कोण हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं वल्ही सोडली. घामानं तिचा तो काळा पोशाख अंगाला चिकटला होता.

अभय बाहेर आला, फार खूश होता. "असा टेक आम्हाला मिळालाच नसता. पण मावशी, तुम्ही सारखं समोर खाली काय बघत होता?"

 "पानी दे गं," वेणूबाई सुनयनाला म्हणाली.

 गावाच्या नाक्यावर रिक्षातून उतरल्यावर सुनयना म्हणाली, "चुकलंच माझं, आई." वेणूबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागली. दिपेशला कोणीच काही सांगितलं नाही. होडीचं रेकॉर्डिंग झालं, एवढंच त्याला माहीत. त्या दिवसापासून तिचा उजवा खांदा दुखायला लागला आणि तो दुखतच राहिला.

सिनेमा यायला वर्ष उलटून गेलं. कंपनीनं सुनयनाला तिकिटं दिली. सीवूड्सच्या मॉलमधला सकाळचा खेळ होता, लहान मुलांनी भरलेला. दिपेशला सुट्टी होती. नातीनं हट्ट धरला म्हणून वेणूबाईही निघाली. सगळे एका रांगेत बसले.

पडद्यावरची मत्स्यगंधा गोरीपान होती, मोठ्या डोळ्यांची, केसांत कमळं. नात सारखी आजीकडे बघून विचारायची, "ही तू?" वेणूबाई म्हणायची, "मी कुटली? ही राणी हाय." मत्स्यगंधेच्या होडीत एक छोटं कासव असायचं, घाबरट, बडबडं. ते काही बोललं की सगळं थिएटर हसायचं. नातीला ते फार आवडलं.

शेवटी पुराचा प्रसंग आला. काळे ढग, पिवळं पाणी, आणि होडीत ती पोर. तिनं वल्ही मारायला सुरुवात केली तेव्हा दिपेश खुर्चीत पुढं सरकला. चेहरा कोणाचाही असू दे, ते खांदे त्याच्या ओळखीचे होते. लहान असताना तो बंदरावर उभा राहायचा आणि होडी परत येताना त्याला आधी दिसायची ती आईची पाठ. तीच पाठ पडद्यावर वाकत होती. वल्ही ओढताना डावा खांदा किंचित खाली जायचा, तोही तसाच. एवढा जोर लावून तिला वल्ही मारताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. माणसाच्या अंगात एवढंच बळ असतं, याच्या पुढं नसतं, हे बघणाऱ्याला कळत होतं.

आणि ती पोर मध्येच खाली, पुढ्यात बघायची. तिथं सिनेमावाल्यांनी कासव ठेवलं होतं. तिनं बघितलं की ते डोळे फिरवायचं, कवचात तोंड लपवायचं, म्हणायचं, "मला पोहता येतं गं, पण भीती वाटते!" मुलं खदखदून हसायची. परत ती बघायची, परत कासव काहीतरी करायचं.

दिपेश कोळ्याचा मुलगा होता. होडीत वल्ही मारणाऱ्याच्या पुढ्यात कोणती जागा येते हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्या दिवशी त्या जागेवर कोण पडलं होतं, हेही नाही. त्यानं मान वळवून आईकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि मुठी वळल्या होत्या.

पडद्यावर होडी काठाला लागली. पोर उडी मारून धावली, झाडपाल्याचा रस बापाच्या तोंडात घातला. बापानं डोळे उघडले, तिला जवळ घेतलं. संगीत मोठं झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. नातही वाजवायला लागली.

"पोचली," वेणूबाई हळूच म्हणाली. फक्त शेजारी बसलेल्या दिपेशला ते ऐकू गेलं.

बाहेर आल्यावर सुनयना नातीला घेऊन खाऊ आणायला गेली. मायलेक मॉलच्या पायऱ्यांपाशी उभे राहिले. दिपेश म्हणाला, "आये, बाबा... तवा शुद्धीत व्हता?"

"वळनापर्यंत व्हता."

"मग?"

"मग डोले तसेच रायले. हलना नाय, काय नाय." ती रस्त्याकडे बघत होती. "मना कळलं रे. कळलं मना."

"मग तरी तू..." 

"थांबले असते तर तो मेला असता," वेणूबाई म्हणाली. "तवर नव्हता मेला. मी वल्ही मारत व्हते तवर नव्हता."

दिपेश पायरीवरच बसला. मोठा, मिशीवाला माणूस, गर्दीत तोंड झाकून रडायला लागला. येणारेजाणारे बघत होते. "मी काय बोललो तुना त्या दिवशी," तो म्हणत होता, "काय बोललो मी..."

वेणूबाई त्याच्याजवळ बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, "तुजा बापूस गेला व्हता. मानूस बोलतो. उठ आता, पोर येल."

तो रडला म्हणून त्यांच्यातलं सगळं नीट झालं, असं नाही. तीन-साडेतीन वर्षं घरात पडून राहिलेलं बोलणं एका दुपारी कसं निघून जाणार? तिचं दुःख दिपेशला कळलं, पण त्यानं ते कमी झालं नाही. उलट आता तिला वाटायला लागलं की हे आपण कोणाला सांगायला नको होतं. वळणापासून बंदरापर्यंतची ती वाट तिच्या एकटीची होती, गोटीराम आणि ती एवढेच त्या वाटेवर होते, आणि आता त्यात मुलगाही आला होता. तो कामावरून आला की तिच्याशेजारी येऊन बसायचा.  दोघं बसून राहायचे.

अभयचा परत फोन आला. सिनेमाचा दुसरा भाग काढायचा होता. सुनयनानं सासूला न विचारताच नाही सांगितलं. तसंही आता वेणूबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरनं व्यायाम सांगितले होते, ती करत नसे. केस विंचरायला सुनयना बसायची. पाटी उचलून द्यायला नाक्यावरचं कोणीतरी लागायचं.

दिवाळीच्या सुट्टीत तो सिनेमा टीव्हीवर लागला. नात आधीपासूनच पुढं जाऊन बसली होती, तिला कासवाची सगळी वाक्यं पाठ झाली होती. पुराचा प्रसंग जवळ आला तसा दिपेशनं रिमोट उचलला.

"राहू दे," वेणूबाई म्हणाली, "पोरीला बघू दे," आणि उठून मोरीत गेली. सकाळच्या पाटीतल्या उरलेल्या बोय साफ करायच्या होत्या. तिनं डाव्या हातानं कोयती धरली, पण त्या हाताला सवय नव्हती, मासा निसटायला लागला.

दिपेश मागोमाग आला. त्यानं तिच्या हातातली कोयती घेतली आणि तिच्यासमोर पाटावर बसला. कोळ्याच्या घरात जन्मूनही त्यानं आजवर मासा साफ केला नव्हता. खवलं भिंतीवर, त्याच्या शर्टावर, तिच्या लुगड्यावर उडाली. बाहेरच्या खोलीतून कासवाचा आवाज आला आणि पाठोपाठ नातीचं हसणं.

वेणूबाई मुलाच्या हातांकडे बघत बसली. एक मासा झाल्यावर तिनं त्याच्यापुढं दुसरा सरकवला.